भारतातल्या मोठ्या जामा मशिदी: पुण्याहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यातून दहा-पंधरा जणांचे गट घेऊन जुन्या वास्तू पाहायला जाते. लेणी, देवळं, किल्ले यांच्या सहलींआधी फारसे प्रश्न येत नाहीत, कारण तिथे काय पाहायचं ते लोकांना ठाऊक असतं. मशिदींची सहल ठरली की मात्र फोन सुरू होतात. आत जाऊ देतात का, मूर्ती नाही मग पाहायचं काय, मुलं कंटाळतील का. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकदाच सविस्तर लिहिते आहे. माझं सांगणं एवढंच, की मिनाराकडे बघत थांबू नका. छप्पर कशावर आणि कसं उभं आहे ते बघा. त्या त्या प्रांताचा दगड, लाकूड, पाऊस आणि तिथले गवंडी तुम्हाला तिथे भेटतील.

जामा मशीद म्हणायचं की जुम्मा मशीद?

दोन्ही चालतं. अरबीत ‘जामी’ म्हणजे एकत्र आणणारी, आणि ‘जुम्मा’ म्हणजे लोक एकत्र जमण्याचा वार, शुक्रवार. दोन्ही शब्द एकाच धातूतले. रोजच्या पाच नमाजांसाठी मोहल्ल्यातली लहान मशीद पुरते. शुक्रवारी दुपारी सगळं गाव जिथे येतं, ती जामा मशीद. त्या दिवशीच्या प्रवचनात, म्हणजे खुतब्यात, राज्य करणाऱ्या सुलतानाचं नाव घेतलं जाई. त्यामुळे नवी राजधानी वसवली की सुलतान मोठ्या मशिदीचं काम लवकर हाती घेत असे. तिच्या आकारावरून शहर केवढं होणार याचा त्याचा अंदाजही कळतो.

प्रत्येक मशिदीत काय काय असतंच?

दिशा असते. बाकी सगळं बदलू शकतं. नमाज मक्केच्या दिशेने, म्हणजे किब्ल्याकडे तोंड करून पढतात. आपल्याकडून ती दिशा पश्चिम, पुण्याहून नेमकी मोजली तर पश्चिमेपासून किंचित उत्तरेला. म्हणून मुख्य दालन पश्चिमेला आणि त्याचं तोंड पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीत जो कमानदार कोनाडा असतो, तो मेहराब. त्याच्या शेजारी प्रवचनासाठीच्या तीन-चार किंवा जास्त पायऱ्यांचं आसन असतं, त्याला मिंबर म्हणतात. दालनापुढे मोकळं अंगण असतं, ते सहन. तिथेच हातपाय-तोंड धुण्यासाठी, म्हणजे वजूसाठी, हौद असतो.

मेहराब हा शब्द तुम्ही रोज वापरता, फक्त ध्यानात येत नाही. गणपतीच्या मखराला महिरप करतात, पाटाभोवती रांगोळीची महिरप काढतात, ती महिरप म्हणजे हाच मेहराब. आपल्या आज्यांनी तो शब्द देवघरात आणून ठेवला आणि तो आता इतका आपला झालाय, की तो कुठून आला हे विचारायचंही कुणाला सुचत नाही.

पुण्याहून निघालं तर पहिली कुठली पाहावी?

माझं उत्तर ठरलेलं आहे: विजयपूर, म्हणजे जुनं विजापूर. सोलापूरपर्यंत अडीचशे किलोमीटर, पुढे शंभरेक. बहुतेक लोक गोल घुमट पाहून, गॅलरीत कुजबुजून परत फिरतात आणि जामा मशीद राहून जाते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१५६५च्या तालिकोटच्या लढाईनंतर आदिलशाहीच्या हाती मोठी लूट आणि मोठा आत्मविश्वास आला. त्या भरात पहिल्या अली आदिलशहाने १५७०च्या दशकात हे काम काढलं. शहाजीराजे पुढे ज्या दरबारात सरदार झाले, तोच हा दरबार. दगड आपल्याच दख्खनच्या पठाराचा आहे. दर्शनी बाजूला नऊ कमानी आणि आत पाच ओळींची खोली. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही, नुसते जाडजूड खांब आणि पांढरा गिलावा. नक्षी जवळजवळ नाही. मी गटाला इथे पाच मिनिटं गप्प उभं करते. हळूहळू कळायला लागतं की एकापाठोपाठ एक कमानी अंधुक होत जातात आणि तेच इथलं सौंदर्य आहे.

मधोमध मात्र खांब नाहीसे होतात आणि वर घुमट उघडतो. तिथे मान वर करून बघा. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा कसा, हा जगभरच्या गवंड्यांपुढचा जुना पेच. विजापूरकरांनी त्याचं उत्तर असं काढलं: चौकोनाच्या भिंतींवरून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत जातात आणि वर आठ टोकांची चांदणी तयार होते. त्या चांदणीच्या आतल्या कडेवर घुमट टेकतो. मी गाडीतच दोन कागदी रुमाल घेऊन दाखवते. एक सरळ ठेवायचा, दुसरा त्यावर तिरका फिरवून ठेवायचा. ‘अगं, ही तर अष्टदल रांगोळी!’ असं दर सहलीत कुणी ना कुणी म्हणतंच. घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर या छेदणाऱ्या कमानी आतल्या बाजूला ओढून धरतात. हीच युक्ती पुढे गोल घुमटाला कामी आली.

पश्चिमेच्या भिंतीतला मेहराब १६३६ मध्ये महंमद आदिलशहाने सोन्याच्या मुलाम्याने आणि रंगांनी सजवून घेतला. त्यात खोटे कोनाडे रंगवलेत आणि कोनाड्यांत ग्रंथ आणि फुलदाण्या. एरवी इतक्या अबोल इमारतीत एकाच भिंतीवर हा सगळा रंग ओतलाय, आणि म्हणूनच तो डोळ्यांत भरतो.

आता खाली बघा. फरशीवर एकेका माणसापुरत्या चौकटी आखलेल्या आहेत, सव्वादोन हजारांच्या आसपास. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकलं, इथले गालिचे नेले आणि त्यांच्या जागी या चौकटी आखून घेतल्या, असं सांगतात. एकदा दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, खिशातला रुमाल झटकून एका चौकटीत घातला आणि नमाजाला उभे राहिले. चौकट त्यांच्या देहाला अगदी बरोबर बसली. इमारतीचं माप माणसाच्या देहावरून घेतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

मग गोल घुमट मशीद नाही का?

नाही, ती महंमद आदिलशहाची कबर. १६५६च्या सुमारास काम थांबलं. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. आवारात शेजारी एक देखणी मशीद आहे, तिच्याकडे कुणी वळत नाही. जरूर वळा.

कलबुर्गीच्या मशिदीला अंगण नाही, हे खरं का?

खरं आहे, आणि माझी सर्वांत लाडकी इमारत हीच. कलबुर्गी म्हणजे जुनं गुलबर्गा, बहामनी सुलतानांची पहिली राजधानी. पुणे-सोलापूर-वाडी या रेल्वेमार्गावरच आहे. आपल्या जुन्या घरांत जी शहाबादी फरशी असते, ते शहाबाद याच्या शेजारीच.

किल्ल्याच्या आत १३६७ मध्ये ही मशीद बांधली. शिलालेखात रफी नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, तो इराणमधल्या कझवीनचा. इमारत साधारण २१६ फूट लांब, १७६ फूट रुंद, आणि सगळीच्या सगळी छपराखाली. जिथे एरवी ऊन पडणारं अंगण असतं, तिथे ओळीने लहान लहान घुमट उभे केलेत. चार कोपऱ्यांवर जरा मोठे घुमट, आणि पश्चिमेला मेहराबापुढे एक उंच, मोठा घुमट. मिनार एकही नाही.

अंगण झाकलं तर आत काळोख व्हायला हवा. इथे खरी हुशारी दिसते. बाजूच्या ओवऱ्यांच्या कमानी खूप रुंद आणि ठेंगण्या आहेत. कमान जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवरून सुरू होते आणि लांबवर झेप घेऊन पलीकडे उतरते. त्या रुंद तोंडांतून उजेड आडवा आत येतो, जमिनीवर सरपटत. सकाळी नऊच्या सुमाराला पूर्वेच्या बाजूने तो आत शिरतो तेव्हा खांबांच्या फक्त खालच्या भागावर सोनेरी पट्टा दिसतो आणि वरची कमान निळसर सावलीत राहते. पुण्यातल्या एका चित्रकार मैत्रिणीने इथे चार तास बसून एकच कमान काढली.

भारतात या घाटाची एवढी मोठी दुसरी मशीद नाही. विजापूरला, बिदरला पुढे जी कामं झाली, त्यांत मशीद परत अंगणाकडे वळली. कलबुर्गीचा प्रयोग एकदाच झाला.

कमान आणि घुमट पडत कसे नाहीत?

कमानीत दगड पाचरीसारखे कापलेले असतात. वरून वजन आलं की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, आणि सगळे मिळून ते वजन दोन्ही पायांकडे उतरवतात. माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत खालून लाकडी आधार द्यावा लागतो, त्यानंतर तो काढला तरी चालतो. घुमट म्हणजे तीच कमान गोल फिरवलेली.

आपल्याकडे आधी दुसरी पद्धत होती. हेमाडपंती देवळाचं छत आठवा. दगडाचा एकेक थर आतल्या बाजूला थोडा थोडा पुढे सरकवत नेतात आणि शेवटी वर एक शिळा बसवून तोंड बंद करतात. त्यात पाचर नाही, नुसता तोल. दिल्लीत कुतुबमिनाराशेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचं काम ११९०च्या दशकात सुरू झालं. ११९९च्या सुमाराला तिच्यापुढे उंच कमानींची भिंत उभी केली. कमान हवी होती सुलतानाच्या माणसांना, हात मात्र स्थानिक पाथरवटांचे. त्यांनी आकार कमानीचा दिला आणि बांधणी केली आपल्या ओळखीची, थर पुढे सरकवून. जवळ जाऊन दगडांचे सांधे बघितले की लगेच कळतं. खऱ्या कमानीत सांधे पंख्यासारखे पसरतात, इथे ते आडवे आहेत. पुढे १२८७च्या सुमारास, जवळच असलेल्या सुलतान बल्बनच्या कबरीत पाचरीची खरी कमान दिसते, आणि १३११चा अलाई दरवाजा येईपर्यंत कमान आणि घुमट दोन्ही सराईत हातांनी होऊ लागलेले असतात. शंभर-सव्वाशे वर्षांचं हे शिकणं कुतुबच्या आवारात आणि त्याच्या लगतच्या परिसरात, चालत जाता येईल एवढ्या अंतरात पाहायला मिळतं.

देवळांचे खांब वापरलेत, असं म्हणतात. ते खरं का?

काही ठिकाणी निश्चित खरं आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. कुव्वत-उल-इस्लामच्या शिलालेखातच २७ देवळांचं सामान वापरल्याचं कोरलेलं आहे. घंटा आणि साखळ्या कोरलेले ते खांब आजही तिथे उभे आहेत. विजयपूरच्या करीमुद्दीनच्या मशिदीतही, जी १३२० ची, देवळाचे खांब आहेत. त्या खांबांपुढे उभं राहिलं की मला वाईट वाटतं, आणि त्यांच्यावरचं काम बघून हात जोडावेसे वाटतात. दोन्ही भावना एकाच वेळी येतात, त्यातली एक ढकलून देऊ नये.

पण सगळ्या मशिदींना हेच एक माप लावू नका. कलबुर्गी, विजयपूरची जामा मशीद, दिल्लीची शहाजहानची मशीद, हैदराबादची मक्का मशीद या आपल्या मापाने, आपल्या आराखड्याने घडवलेल्या वास्तू आहेत. एकेका इमारतीचे खांब बघून, सांधे बघून मत बनवा.

अहमदाबादची मशीद आतून देवळाच्या मंडपासारखी का वाटते?

कारण ती घडवणारे हात मंडप घडवणारेच होते. अहमदशहाने १४२४ मध्ये ती पुरी केली. पिवळसर वालुकाश्म, आत अडीचशेच्या वर खांब, आणि मध्यभागी छत मजल्यामजल्याने उंच होत जातं. वरच्या मजल्यांना जाळ्या आहेत. ऊन जाळीतून गाळून, एका कडेवर आपटून मग खाली येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही डोळ्यांना त्रास होत नाही. दर्शनी कमानीच्या दोन्ही बाजूंना जे भरीव नक्षीचे बुंधे दिसतात, ते मिनारांचे. वरचे मजले १८१९च्या कच्छच्या भूकंपात कोसळले.

इथून चालत जाता येईल अशी सिदी सय्यदची मशीद आहे, १५७३च्या सुमाराची. ती जामा मशीद नव्हे, आकाराने छोटी. पण तिच्या मागच्या भिंतीतल्या कमानीत दगडी जाळीचं एक झाड आहे. फांद्या एकमेकींत गुंतत सगळी कमान भरून टाकतात, आणि कुठलीच फांदी तुटलेली वाटत नाही. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हामागे हीच जाळी आहे. संध्याकाळी आत बसा आणि मावळतीचा उजेड त्यातून येऊ द्या.

वेळ असेल तर चांपानेरलाही जा. महमूद बेगड्याने वसवलेली राजधानी, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची जामा मशीद, आणि मिनार शाबूत. वर पावागडावर कालिकामातेचं मंदिर. २००४ पासून हे सगळं जागतिक वारसा यादीत आहे.

घुमट नाही, मिनार नाही, अशीही मशीद असते?

असते, आणि ती पाहिली की मशीद म्हणजे अमुक आकार ही आपली समजूत निघून जाते. कोझिकोडची मिश्काल मशीद घ्या. समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांनी बांधलेली, लाकडाची, मजल्यावर मजले आणि वर उतरतं छप्पर. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली, नंतर ती पुन्हा उभी राहिली. केरळात पाऊस असा कोसळतो, की सपाट गच्ची किंवा चुन्याचा घुमट तिथे टिकवणं कठीण. म्हणून देऊळ असो, मशीद असो, घर असो, छप्पर उतरतंच. कोकणात ज्यांचं घर आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

श्रीनगरची जामिया मशीद सुलतान सिकंदरच्या काळातली, १४०२ मध्ये पुरी झाली. तिच्यात देवदाराचे ३७८ खांब आहेत. खांब म्हणजे अक्षरशः झाडाचे बुंधे. बर्फ घसरून जावं म्हणून छप्पर उतरतं, आणि त्यावर उंच निमुळते मनोरे. लाकडाचं भय एकच, आग. तीनदा ती आगीत सापडली आणि तीनदा बांधून काढली.

तिसरी बुऱ्हाणपूरची. भुसावळच्या पुढे, पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. शहाजहानची मुमताज १६३१ मध्ये वारली ती याच गावात. फारुकी घराण्यातल्या राजा अली खानाने १५८८च्या सुमारास इथली जामा मशीद उभारली. ओळीने पंधरा कमानी, दोन टोकांना दोन उंच मिनार, आणि घुमट एकही नाही. आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख आहे, देवनागरीत. सृष्टीच्या निर्मात्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ, मग शक, संवत, तिथी, नक्षत्र. आपल्या पंचांगात असतं तसंच. मी तो पहिल्यांदा बोट न लावता, ओळीवरून नुसती नजर फिरवत वाचला. मशिदीच्या भिंतीवर ‘शके’ हा शब्द वाचताना अंगावर काटा आला. ज्याने तो लिहवून घेतला, त्याला आपली प्रजा कोणती भाषा वाचते याची जाण होती.

दिल्लीच्या जामा मशिदीत नेमकं काय पाहायचं?

चढण. शहाजहानने ती भोजला पहाडी नावाच्या टेकाडावर बांधली, म्हणून तिन्ही दरवाजांना पायऱ्या: उत्तरेला ३९, पूर्वेला ३५, दक्षिणेला ३३. पूर्वेचा दरवाजा बादशहाचा. १६५६ मध्ये ती पुरी झाली, दहा लाख रुपये खर्च आला असं सांगतात. अंगणात पंचवीस हजार माणसं मावतात. लाल वालुकाश्म आणि पांढरा संगमरवर, तीन घुमट, दोन्ही बाजूंना सुमारे ४० मीटरचे मिनार. मिनारांवरच्या उभ्या पट्ट्या नजरेला सरळ वर खेचून नेतात.

१८५७ नंतर इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि १८६२ मध्ये परत दिली. एका मे महिन्यात मी दुपारी एक वाजता गटाला घेऊन गेले होते. चपला बाहेर, आणि अंगणातला लाल दगड तव्यासारखा. आम्ही अंथरलेल्या पट्टीवरून एकामागे एक धावत सावलीत पोचलो. तेव्हापासून प्रत्येकाच्या सामानात जाड मोजे असतात.

हैदराबादची मक्का मशीद?

ग्रॅनाइटची आहे, आणि ग्रॅनाइट कोरणं हे दिव्य असतं. म्हणून तिच्यावर नाजूक काम कमी आणि भव्यपणा जास्त. कुतुबशाहीत १६१७च्या सुमारास सुरुवात झाली, १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात काम संपलं. चारमिनारच्या अगदी शेजारी. चारमिनारच्या वरच्या मजल्यावरही पश्चिमेला एक मशीद आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

माईक नव्हता तेव्हा हजारो लोकांना इमामाचा आवाज कसा जाई?

इमाम मेहराबाकडे तोंड करून उभा राहतो. कोनाडा आतून वळलेला असल्यामुळे आवाज परत फिरून दालनात येतो. पण अंगणाच्या टोकापर्यंत तो पोचणार नाही. म्हणून मध्ये उंच चौथऱ्यावर एक माणूस उभा असे, त्याला मुकब्बिर म्हणतात. इमामाची तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’ ही घोषणा, ऐकून तो ती मोठ्याने पुन्हा म्हणे, आणि मागच्या रांगा त्याच्या आवाजावर वाकत. आपल्या कीर्तनातले टाळकरी बुवांचं ध्रुपद उचलून मागच्या लोकांपर्यंत नेतात, ते मला इथे आठवतं.

हौदाकडे मुद्दाम बघावं असं काय आहे?

पाणी कुठून येतं ते विचारा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून आपल्या पेठांतले हौद भरले, तसंच प्रत्येक मोठ्या मशिदीमागे पाण्याची एक गोष्ट असते. मुंबईची जामा मशीद याबाबतीत आगळी. क्रॉफर्ड मार्केटजवळ, १८०२ मध्ये पुरी झालेली. तिथे आधी मोठं तळं होतं. ते न बुजवता तळातूनच काळ्या दगडाच्या कमानी उभ्या केल्या आणि त्यांच्यावर मशीद उचलली. पाणी आजही आहे, त्यात मासे आहेत, आणि त्याच पायऱ्यांवर बसून लोक वजू करतात. बाहेर बाजाराची एवढी गर्दी आणि आत एकदम गार हवा. पुण्याहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

एखाद्या बाईने बांधलेली मोठी मशीद आहे का?

भोपाळ. एकोणिसाव्या शतकात तिथे पिढ्यान्‌पिढ्या बेगमांनी राज्य केलं. कुदसिया बेगमने जामा मशीद बांधली, सिकंदर बेगमने मोती मशीद, आणि शाहजहान बेगमने ताज-उल-मसाजिदचं काम काढलं. पैसा अपुरा पडला, ती १९०१ मध्ये वारली, काम अर्धवट राहिलं. ते १९७१ मध्ये पुन्हा हाती घेतलं आणि १९८५ मध्ये पुरं झालं. देशातल्या सर्वांत मोठ्या मशिदींत तिची गणना होते. भोपाळला गेलात तर तळ्याकाठी फिरून झाल्यावर एक पूर्ण सकाळ तिच्यासाठी ठेवा.

मुस्लिम नसलेल्यांना आत जाऊ देतात का? बायकांना?

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जुन्या वास्तूंत कुणीही जाऊ शकतं. जिथे रोज नमाज होतो, तिथेही बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना प्रवेश असतो, फक्त नमाजाच्या वेळा सोडून. शुक्रवारची दुपार टाळाच. माझ्या पहिल्याच विजयपूर सहलीत मी वार न बघता गट नेला आणि शुक्रवारी साडेबाराला दारात पोचले. आम्हाला तास-दीड तास बाहेर थांबावं लागलं. चूक सर्वस्वी माझी होती.

बायकांच्या बाबतीत जागोजागी वेगवेगळी रीत आहे. मी स्वतः बाई असल्यामुळे मोकळेपणाने सांगते: काही ठिकाणी मुख्य दालनापर्यंत गेले, काही ठिकाणी ओवरीतच थांबायला सांगितलं. दारावरच्या माणसाला आधी विचारा, तो सांगेल तसं करा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, डोक्यावर घ्यायला ओढणी. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका, फोटोत त्याचा चेहरा घेऊ नका.

फोटोसाठी कुठली वेळ?

सकाळची, आठ ते दहा. दर्शनी भाग पूर्वेकडे असतो, त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यावर पडतं. दुपारनंतर तो सावलीत जातो आणि मागचं आकाश पांढरं येतं.

लहान मुलं कंटाळतील का?

त्यांना काम दिलं तर नाही. मी वही-पेन्सिल देते आणि एक प्रश्न देते. कलबुर्गीत विचारते, कुठली कमान सर्वांत ठेंगणी? अहमदाबादला, दोन खांब अगदी सारखे सापडतात का? कुतुबच्या आवारात, सांधे पंख्यासारखे कुठे आणि आडवे कुठे? एका नऊ वर्षांच्या मुलीने तिथे सांधे बघून कमान आधी ओळखली आणि मग आईला समजावून सांगितली.

पुण्यातच यातलं काही पाहायला मिळेल का?

जाण्याआधी विश्रामबागवाड्यात चक्कर मारा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि वर पाकळ्यांच्या कमानी. हा आकार मुघल दरबारातून देशभर फिरत वाड्यांपर्यंत पोचला. मग यवतजवळच्या भुलेश्वरला जा. आत यादवकाळाची आठवण करून देणारी दगडी नक्षी, आणि वर नंतरच्या बांधणीचे घुमट आणि मिनारासारखे मनोरे. शंकराच्या देवळावर घुमट चढवताना मराठी गवंड्याला काही वावगं वाटलं नाही. त्याला घुमट बांधता येत होता, आणि तो पावसात टिकत होता.

सोबत काय न्यावं?

जाड मोजे, पाणी, ओढणी, छोटी बॅटरी. बॅटरी मेहराबावर मारू नका, जुन्या रंगांना उजेड सोसत नाही. ती खांबाच्या बुडाशी तिरकी धरा. छिन्नीचे बारीक, तिरके घाव उठून दिसतात, आणि डावखुरा पाथरवट कुठे बसला होता तेही कधीकधी ओळखू येतं.